नागीन डान्सची पुंगी वाजवली कुणी?

मे महिना, लग्नसराई. जळगाव असो की धुळे, पारा पंचेचाळिशीला टेकलेला. वरातीत बँडवाल्याने कीबोर्डवर ती धून धरली की तुम्ही काय करता? रुमालाचं एक टोक दातात, दुसरं हातात आणि थेट रस्त्यावर लोळण! पण ती मूळ पुंगी पुंगी नव्हतीच, हे माहितीये?

ती वाजवली होती कल्याणजी वीरजी शाह यांनी. कल्याणजी-आनंदजी जोडीतले थोरले. जन्म ३० जून १९२८, कच्छमधल्या कुंदरोडी गावचा. वडिलांनी मुंबईत येऊन किराणा दुकान टाकलं. एका गिऱ्हाइकाला उधारी फेडता येईना, म्हणून त्याने पोरांना संगीत शिकवलं, असा किस्सा सांगतात. पुढे कल्याणजींनी स्वतःचा ऑर्केस्ट्रा काढला आणि सिनेमांसाठी वाजवू लागले.

त्यांचं हत्यार होतं क्लॅव्हियोलिन. कॉन्स्टंट मार्टिन या फ्रेंच माणसाने १९४७ मध्ये बनवलेला छोटा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड. सिंथेसायझरचा थोरला चुलताच म्हणा ना. आत जुन्या रेडिओसारखे व्हॉल्व्ह. एका वेळी एकच सूर निघणार. आवाज लहान-मोठा करायला गुडघ्याने ढकलायचा दांडा.

१९५४ मध्ये ‘नागिन’ आला. संगीत हेमंतकुमारांचं. पुंगीची धून कल्याणजींनी क्लॅव्हियोलिनवर वाजवली, सोबत हार्मोनियमवर होते रवी, तेही पुढे मोठे संगीतकार झाले. फिल्मफेअर मिळालं हेमंतकुमारांना, ते योग्यच. पण धून घरोघरी गेली आणि वाजवणारा हात मात्र पडद्यामागेच राहिला.

आता वरातीतला कीबोर्ड बघा. तो डिजिटल. म्हणजे आवाज आकड्यांत साठवलेला किंवा आकड्यांतून घडवलेला. साधं बटण दहा वेळा दाबा, बहुतेक तोच आवाज दहा वेळा येणार. अ‍ॅनालॉगमध्ये विजेचा प्रवाहच हेलकावे घेतो आणि त्याचाच आवाज होतो. सर्किट तापलं की सूर किंचित सरकतो. कानाला तो आवाज जिवंत, जरा खरबरीत लागतो.

मग अ‍ॅनालॉगच भारी? थांबा. आपल्या खान्देशच्या उन्हात व्हॉल्व्हचं वाद्य भर दुपारी सुरात ठेवून दाखवा! डिजिटल स्वस्त, हलकं, सूर न सोडणारं. म्हणूनच गावोगावच्या बँडमधल्या पोरांच्या हाती ते आलं. आणि आज डिजिटल वाद्यं तो हेलकावाही बऱ्यापैकी उतरवतात.

कल्याणजींचं मोठेपण मशीनमध्ये नव्हतं. परदेशी खोक्यातून त्यांनी आपल्या मातीतलं वाद्य ऐकलं. १९५८ च्या ‘सम्राट चंद्रगुप्त’पासून ते स्वतः संगीतकार झाले, मग धाकटे आनंदजी सोबत आले. ‘सरस्वतीचंद्र’ला राष्ट्रीय पुरस्कार, ‘डॉन’ची धमाल, १९९२ मध्ये पद्मश्री. २४ ऑगस्ट २००० रोजी ते गेले.

आज रात्री हेडफोन लावा आणि १९५४ चं मूळ रेकॉर्डिंग ऐका. मग पुढच्या वरातीत कीबोर्डवाल्याकडे कान द्या. फरक कळेल. आणि नाचून झाल्यावर त्या पोराला त्याचं नाव तेवढं विचारा.