कानांनी वाचणारा माणूस

नऊ महिन्यांचे असताना त्यांची दृष्टी गेली आणि ३४ व्या वर्षी आयुष्यच संपलं. तरी एवढ्या काळात त्यांनी सव्वाशेहून अधिक लहान-मोठे ग्रंथ रचले. प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराजांची ही गोष्ट. त्यांच्यासाठी पुस्तक उघडून बसणाऱ्यांचीही. आणि तुमची इच्छा असेल, तर तुमचीही.

नेवाशाला कधी गेलात का? आपल्या जिल्ह्यातल्या शाळांची एखादी तरी सहल तिथे जातेच. प्रवरेचा काठ, मंदिरातला तो पैस खांब, आणि सरांनी सांगितलेली माहिती, की याच खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली. त्या वाक्यातल्या एका शब्दाकडे आपलं लक्ष जात नाही. ज्ञानेश्वरांनी ती सांगितली. हातात लेखणी होती सच्चिदानंदबाबांच्या. शके १२१२, म्हणजे १२९० साली ज्ञानेश्वर बोलत गेले आणि बाबा उतरवून घेत गेले. मराठीतला एवढा मोठा ग्रंथ आधी आवाज होता, कागदावर तो नंतर आला.

साधारण सहाशे वर्षांनी वऱ्हाडातल्या एका मुलासाठी हा प्रवास उलट्या दिशेने झाला. त्याला अक्षर दिसत नव्हतं. त्याच्यासाठी कुणीतरी पोथी उघडली, मोठ्याने वाचली, आणि कागदावरची ज्ञानेश्वरी पुन्हा आवाज झाली. पुढे हा मुलगा स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या म्हणवून घेऊ लागला. त्याच्याकडे आपण यायचंय, पण आधी त्याचं गाव बघू.

माधानचा गुलाब

गुलाबरावांचा जन्म ६ जुलै १८८१ चा, अमरावतीजवळच्या लोणी टाकळीत, म्हणजे आजोळी. घर माधानचं; हे गाव आज चांदूर बाजार तालुक्यात येतं. आडनाव मोहोड, घर कुणबी शेतकऱ्याचं. नऊ महिन्यांचे असताना डोळ्यांच्या दुखण्यात चुकीचं औषध पडलं आणि दृष्टी कायमची गेली, असं सांगतात. आईही लहानपणीच गेली. मग काही वर्षं हा पोर आजोळी वाढला.

तो काळ जरा डोळ्यांसमोर आणा. फ्रान्समध्ये लुई ब्रेलने आपली ठिपक्यांची लिपी १८२९ सालीच छापून प्रसिद्ध केली होती. अमेरिकेत एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ बनवला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या उपयोगांची यादी मांडली. त्या यादीत अंधांना वाचून दाखवणारी बोलकी पुस्तकंही होती. म्हणजे गुलाबराव जन्मले तेव्हा जगात ब्रेल होती आणि ऑडिओबुकची कल्पनाही होती. माधानपर्यंत मात्र यातलं काहीच पोचलेलं नव्हतं. मुंबईत अंधांची शाळा निघाली ती १९०० साली, तेव्हा ते १९ वर्षांचे होते. भारतीय भाषांसाठी एकच ब्रेल ठरायला तर १९५१ साल उजाडलं.

मग त्या पोराजवळ उरलं काय? दोन कान, आणि आजूबाजूची अक्षरओळख असलेली माणसं. पंधराव्या वर्षी, १८९६ मध्ये, मनकर्णिकाबाईंशी त्यांचं लग्न झालं. अंगावर संसार आला, तरी ऐकण्याची भूक काही कमी झाली नाही. दिसेल त्याच्याकडून वाचून घ्यायचं, हा क्रम आयुष्यभर चालला. पुढे महाराज म्हणून नाव झालं आणि गावोगाव फिरणं सुरू झालं, तेव्हाही पुस्तकांच्या पेट्या सोबत असत. स्वतःला न दिसणारी पुस्तकं बरोबर घेऊन फिरणारा माणूस! जिथे मुक्काम पडेल तिथे वाचणारा कुणी भेटला, तर पुस्तक जवळ असलेलं बरं.

ऐकणं म्हणजे नुसतं बसणं नव्हे

आपल्याला वाटतं, ऐकायला काय लागतं? इअरफोन घालायचे आणि पडून राहायचं. महाराजांचं ऐकणं तसलं नव्हतं. वेदान्त, सांख्य, योग, व्याकरण, आयुर्वेद, संगीत असे विषय, आणि त्यातलं बरंचसं संस्कृतात. जुन्या पोथ्या तुम्ही पाहिल्या असतील, तर एक गोष्ट आठवेल. त्यांत शब्द सुटे लिहिलेले नसतात, ओळ सलग धावते. वाचणाऱ्याला संस्कृत येत नसेल, तर तो भलत्याच ठिकाणी थांबणार आणि एका शब्दाचे दोन करणार. ऐकणाऱ्याने ते मनातल्या मनात पुन्हा जोडायचं. डोळसाला न कळलेल्या ओळीवरून पुन्हा नजर फिरवता येते, समासात खूण करता येते, कंटाळवाणं पान उलटून पुढे जाता येतं. यांना तिन्ही गोष्टी बंद. पुन्हा ऐकायचं, तर समोरच्याला विनवायचं. आणि समोरच्याचा घसा कोरडा पडलेला, दिवसभराच्या कामाने डोळे मिटायला आलेले.

त्यांची स्मरणशक्ती अफाट होती, असं त्यांचे सगळेच चरित्रकार सांगतात. ती तशी नसती तर भागलंच नसतं, हेही खरं. ज्याला पान पुन्हा उघडता येत नाही, त्याला पान डोक्यातच ठेवावं लागतं.

आणि हे वाचन फक्त पोथ्यांपुरतं नव्हतं. डार्विनचा उत्क्रांतिवाद, स्पेन्सरचं तत्त्वज्ञान या त्या काळच्या ताज्या विचारांपर्यंत ते पोचले होते. नुसते पोचले नाहीत, त्यांवर त्यांनी आपली टीका मांडली. त्यांचे निष्कर्ष आज तुम्हाला पटतील किंवा पटणार नाहीत. पण विचार करा, लंडनमधल्या वादाचा धागा माधानच्या दृष्टिहीन तरुणापर्यंत कसा आला असेल? कानावाटे. कुणीतरी वाचलं, कुणीतरी अर्थ सांगितला, तेव्हा.

वाचणारा एक, लिहिणारा एक

ऐकलेलं पोटात ठेवून ते गप्प बसले नाहीत. १९०१ मध्ये, विसाव्या वर्षी, ज्ञानेश्वरांची कृपा झाली अशी त्यांची आणि त्यांच्या अनुयायांची श्रद्धा. तेव्हापासून ते ज्ञानेश्वरकन्या झाले. कृष्णाला पती मानून भक्ती करू लागले, स्त्रियांचे अलंकार अंगावर घालू लागले. अद्वैताचं तत्त्वज्ञान आणि ही मधुर भक्ती यांची त्यांनी जी सांगड घातली, तिला मधुराद्वैत म्हणतात. कपाळी कुंकू आणि गळ्यात मंगळसूत्र असलेला पुरुष पाहून लोकांनी नावं ठेवली. त्यांनी आपला मार्ग बदलला नाही.

आणि ते सांगत गेले. मराठीत, संस्कृतात, हिंदीत, वऱ्हाडी बोलीत. गद्य, ओव्या, अभंग, पदं, प्रश्नोत्तरं असं सगळं. ‘संप्रदायसुरतरू’, ‘साधुबोध’ ही त्यांतली काही नावं. ‘मानसायुर्वेद’ नावाचा मनाच्या आजारांवरचा ग्रंथही त्यांतच. स्वतःची एक नवी भाषा तयार करायचा खटाटोपही त्यांनी केला. हे सगळं कुणाच्या तरी हातानं उतरलं, कारण लेखणी त्यांच्या हाती नव्हती. म्हणजे त्यांना दोन माणसं लागत. एक वाचणारा, एक लिहिणारा. नेवाशाचा तो प्रसंग पुन्हा आठवला ना? एक बोलतोय, दुसरा उतरवतोय.

२० सप्टेंबर १९१५ ला पुण्यात त्यांचं निधन झालं. वय अवघं ३४. मागे राहिलेले ग्रंथ आणि परंपरा त्यांच्या शिष्यांनी, विशेषतः बाबाजी महाराज पंडित यांनी सांभाळली.

चमत्कार म्हटलं की सुटलो!

अशा माणसाची गोष्ट ऐकली की आपण पटकन हात जोडतो. दैवी देणगी म्हणतो, अवतार म्हणतो आणि पुढच्या कामाला लागतो. श्रद्धा असेल तर ती जरूर ठेवा. पण एक अडचण बघा. सगळंच चमत्कारानं झालं म्हटलं, की आपली सुटका होते. देवानं एकाला दिलं, दुसऱ्याला नाही दिलं, त्याला आपण काय करणार?

त्यांना पुस्तकं वाचून दाखवली गेली, हे मात्र त्यांचे भक्तही मानतात आणि अभ्यासकही. बुद्धी त्यांची होती, पण पानापर्यंतचा रस्ता दुसऱ्यांच्या आवाजातून जात होता. तेवढीच बुद्धी असलेल्या आणि वाचून दाखवणारं कुणीच न मिळालेल्या मुलांचं काय झालं असेल? त्यांची चरित्रं नाहीत. हा प्रश्न १९१५ मध्ये संपलेला नाही, म्हणून तर आज तुम्हाला गाठलं.

तुमच्याच कॉलेजात बघा. एखादी मुलगी पाथर्डीहून किंवा संगमनेरहून एसटीने येते. तिला फळा दिसत नाही, किंवा दिसतो पण पुस्तकातली बारीक अक्षरं दिसत नाहीत. एखाद्याला डिस्लेक्सिया असतो. डोळे शाबूत, डोकं तल्लख, पण अक्षरं जागेवर थांबत नाहीत. एखाद्याच्या हातांना पुस्तक धरवत नाही, पान उलटत नाही. तुम्ही नोट्सची झेरॉक्स पुढे करता, ती त्यांच्या काय उपयोगाची? मोबाइल हल्ली मराठी वाचून दाखवतो, हे खरंय, आणि त्याने मोठी सोय झालीय. पण पुसट झेरॉक्स, हाताने लिहिलेल्या नोट्स, गणिताची सूत्रं, नकाशे, आकृत्या, जुनी मराठी आली की तो अडखळतो. तिथे अजून माणूसच लागतो.

कायदाही तुमच्या बाजूने आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपला कॉपीराइट कायदा दिव्यांगांना वापरता येईल अशी प्रत, नफा न कमावता, त्यांच्यासाठी करू देतो. त्यासाठी प्रकाशकाची परवानगी लागत नाही. २०१३ मध्ये मराकेश शहरात याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अध्ययन अक्षमतेचाही समावेश केला. त्याच वर्षी सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. मात्र एक लक्षात ठेवा. ही सूट ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठीच आहे. पाठ्यपुस्तक वाचून यूट्यूबवर सगळ्यांसाठी टाकलंत, तर ते यात बसत नाही.

रेकॉर्डिंग करायचंय? मग हे बघा

• आधी विचारा. कोणतं पुस्तक, कोणता धडा, कधीपर्यंत, हे ऐकणारा ठरवणार. काय ऐकायचं ते महाराज ठरवत, वाचणारा नव्हे. आपल्याला आवडलेली कादंबरी रेकॉर्ड करून देणं सोपं असतं, पण परीक्षेला अर्थशास्त्र असतं.

• स्टुडिओ लागत नाही. दार-खिडकी लावा, पंखा बंद करा, मोबाइल फ्लाइट मोडवर टाका. तोंडापासून एक वीतभर अंतर ठेवा आणि ते बदलू नका.

• सुरुवातीला पुस्तक, लेखक, आवृत्ती, धडा सांगा. प्रत्येक पान सुरू होताना पानाचा क्रमांक बोला. वर्गात सर पान ८४ उघडा म्हणाले, तर त्यालाही ते सापडलं पाहिजे. एका धड्याची एक फाइल करा.

• आकृती आली की गाळू नका. आधी ती कशाची आहे ते सांगा, मग डावीकडून उजवीकडे काय दिसतं ते. तक्ता असेल तर रांगेने वाचा. सूत्रात कंस कुठे उघडला, कुठे बंद झाला, तेही बोला.

• नाटकी वाचू नका, घाईनेही नको. स्पष्ट, सरळ वाचा. चुकलात तर थांबा आणि वाक्य पहिल्यापासून घ्या. अडलेल्या शब्दाचा उच्चार आधी विचारून घ्या. तुमची चूक त्याच्या उत्तरपत्रिकेत जाणार आहे.

• पूर्ण झालं की एकदा स्वतः ऐका. मग ज्याच्यासाठी केलं त्याला ऐकवा आणि काय सुधारू ते विचारा.

• घसा बरा नसेल तर लेखनिक व्हा. परीक्षेत तो सांगेल तेच, तसंच लिहायचं. लेखनिकाचे नियम परीक्षेप्रमाणे बदलतात, म्हणून कॉलेजच्या ऑफिसात आधी चौकशी करा.

एकट्याने अख्खं पुस्तक उचललंत तर तिसऱ्या धड्याला दमाल. चौघे-पाचजण मिळून धडे वाटून घ्या आणि सेमिस्टर सुरू होतानाच सुरुवात करा. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात हातात आलेलं रेकॉर्डिंग ऐकायला वेळच उरत नाही. आणि हो, हे काही उपकार म्हणून करू नका. रोज अर्धा तास मोठ्याने वाचलंत, तर तुमचा स्वतःचा अभ्यासही होतोच की.

ज्ञानेश्वरीमुळे सच्चिदानंदबाबांचं नाव आपल्याला माहीत आहे. वाचून दाखवणाऱ्याचं नाव मात्र सहसा मुखपृष्ठावर येत नाही. तुमचंही येणार नाही. पण एखाद्या रात्री पाथर्डीतल्या एखाद्या घरात दिवा मालवलेला असेल, कानाशी मोबाइल असेल, आणि तुमचा आवाज पान ८४ सांगून पुढचा परिच्छेद सुरू करत असेल. तिचा अभ्यास चाललेला असेल.