दिनकर गंगाधर केळकर

दिनकर गंगाधर केळकर (१० जानेवारी १८९६ – १७ एप्रिल १९९०) हे मराठी कवी, संपादक आणि वस्तुसंग्राहक होते. काव्यलेखन त्यांनी अज्ञातवासी या टोपणनावाने केले. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे संस्थापक म्हणून ते विशेष ओळखले जातात. अडकित्ते, दिवे, पानदाने, दौती, कुलुपे, स्वयंपाकाची भांडी, वाद्ये, खेळणी, कोरीव दारे व खिडक्या अशा घरगुती वापरातील सुशोभित वस्तू त्यांनी सुमारे १९२० पासून पुढील अनेक दशके जमवल्या. राजेरजवाड्यांची शस्त्रे, नाणी, शिलालेख आणि हस्तलिखिते यांच्या संग्रहाची परंपरा महाराष्ट्रात त्यापूर्वीही होती. सामान्य घरातील नक्षीदार वस्तूही तितक्याच जतनयोग्य आहेत, ही भूमिका केळकरांनी आपल्या संग्रहातून प्रस्थापित केली.

जीवन

केळकरांच्या कुटुंबाचा चष्म्यांचा व्यवसाय होता आणि काही काळ तेच त्यांच्या उपजीविकेचे साधन होते. त्यांच्या पत्नीचे नाव कमलाबाई. या दांपत्याचा एकुलता एक मुलगा राजा बालपणीच मरण पावला. या दुःखाचा ठसा केळकरांच्या पुढील आयुष्यावर कायम राहिला. वाढत गेलेला संग्रह त्यांनी राजाच्या स्मृतीस अर्पण केला आणि संग्रहालयाच्या नावात स्वतःच्या नावाआधी मुलाचे नाव ठेवले.

संग्रहासाठी केळकरांनी महाराष्ट्राबरोबरच गुजरात, राजस्थान आणि दक्षिण भारतात प्रवास केले. या कामामागे कोणत्याही संस्थानाचे वा धनिकाचे स्थायी पाठबळ नव्हते. मध्यमवर्गीय घराच्या मिळकतीतून वस्तू विकत घेतल्या जात आणि त्यासाठी कुटुंबाला आर्थिक ओढाताण सोसावी लागे. कमलाबाईंनी या कामात त्यांना साथ दिली. प्रसंगी त्यांचे दागिनेही संग्रहासाठी खर्ची पडले, असे सांगितले जाते. १७ एप्रिल १९९० रोजी वयाच्या ९५व्या वर्षी केळकरांचे निधन झाले.

कवी अज्ञातवासी

विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत मराठीत भावकवितेचा जो बहर आला, त्या काळात केळकरांनी अज्ञातवासी या नावाने कविता लिहिल्या. संपादक म्हणूनही त्यांनी काम केले. कवी भा. रा. तांबे हे ग्वाल्हेरसारख्या दूरच्या ठिकाणी राहत आणि आपल्या कविता प्रसिद्ध करण्याबाबत उदासीन असत. त्यांच्या कवितांचा पहिला संग्रह १९२० मध्ये वा. गो. मायदेव यांनी प्रसिद्धीस आणला होता. १९२७ मध्ये निघालेल्या दुसऱ्या संग्रहाचे संपादन अज्ञातवासींनी केले. विखुरलेले साहित्य शोधणे, जुळवणे आणि वाचकांपुढे ठेवणे हे संपादकाचे काम आणि पुढे त्यांनी वस्तूंबाबत केलेले काम यांत साम्य दिसते. मात्र कवी म्हणून त्यांची ओळख कालांतराने मागे पडली आणि संग्राहक हीच त्यांची मुख्य ओळख ठरली.

संग्रहाची पार्श्वभूमी

केळकरांनी संग्रहाला सुरुवात केली तेव्हा जुन्या घरगुती वस्तूंचे आयुष्य संपत आले होते. रॉकेलच्या कंदिलाने आणि नंतर विजेने समई व लामणदिवा यांचे रोजचे काम संपवले. टाक आणि फाउंटन पेन आल्यावर बोरू आणि नक्षीदार दौत अडगळीत गेली. कारखान्यांत तयार झालेली भांडी स्वस्त मिळू लागल्यावर जड पितळी भांडी मोडीत निघू लागली. मोडीच्या व्यवहारात वस्तूची किंमत वजनावर ठरते, कारागिरीवर नाही. कारागिराने अनेक दिवस खपून घडवलेला दिवा आणि तेवढ्याच वजनाचा पितळेचा तुकडा यांना तेथे सारखाच भाव मिळतो आणि दोन्ही एकाच भट्टीत वितळतात. जुन्या जरीच्या साड्यांची गतही वेगळी नव्हती. त्या जाळून जरीतील चांदी काढली जाई.

स्वातंत्र्यानंतर कूळ कायद्याने आणि इनामे रद्द झाल्याने अनेक जुन्या घराण्यांचे उत्पन्न घटले आणि वाडे राखणे अवघड झाले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या पुरात पुण्याच्या नदीकाठच्या पेठांमधील असंख्य घरे कोसळली. त्यानंतरच्या काळात वाडे पाडून इमारती उभारण्याचा वेगही वाढला. दारांच्या चौकटी, खांब आणि कमानी सरपणाच्या किंवा जुन्या लाकडाच्या भावाने विकल्या जाऊ लागल्या. अशा परिस्थितीत एखादी वस्तू जतनयोग्य आहे की नाही, याचा निर्णय फार काळ लांबवता येत नसे. संग्राहकाने न घेतलेली वस्तू बहुधा नष्टच होत असे.

अडकित्ते

केळकरांच्या संग्रहातील अडकित्ते हा विशेष प्रसिद्ध विभाग आहे. सुपारी कातरण्याच्या या साधनाला हिंदीत सरौता आणि गुजरातीत सूडी म्हणतात. गुजरातमधील जामनगरच्या सूड्या प्रसिद्ध आहेत. अडकित्त्याच्या दोन दांड्या एका टोकाशी खिळ्याने जोडलेल्या असतात. एका दांडीला धारदार पाते असते आणि दुसरी दांडी सुपारीला खालून आधार देते. खिळ्याजवळ दाब सर्वाधिक मिळत असल्याने सुपारी तेथेच धरली जाते. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीसारखे टणक फळ रोज कातरायचे असल्यामुळे पाते पोलादी, खिळा घट्ट आणि दांड्या हाताला न रुतणाऱ्या असाव्या लागतात.

या गरजांमुळे कारागिराला नक्षीसाठी मोजकीच जागा उरते. पाते आणि सुपारीची बैठक साधी ठेवावी लागते, म्हणून सजावट खिळ्याच्या टोकाशी आणि दांड्यांवर केली जाते. मोर, पोपट, घोडा, स्त्री-पुरुषांची जोडी अशा आकृती अडकित्त्यांवर आढळतात. काही अडकित्त्यांत प्रत्येक दांडी ही एकेक आकृती असते. अडकित्ता उघडला की त्या दूर होतात आणि मिटला की जवळ येतात. येथे नक्षी साधनाच्या हालचालीतूनच साकारते. लोखंडी अडकित्ता बहुतेक घरांत असे. पितळी अडकित्ता हौसेचा, तर चांदीचा प्रतिष्ठेचा मानला जाई.

पानसुपारी हा केवळ मुखवासाचा प्रकार नव्हता. पाहुण्यांचे स्वागत, लग्न ठरवणे, देवाला विडा ठेवणे आणि आमंत्रण देणे अशा प्रसंगांत तिला स्थान होते. त्यामुळे अडकित्त्याबरोबर पानदान, चुनाळे, तबक आणि चंची असा सारा सरंजाम तयार झाला. केळकरांच्या संग्रहात या वस्तू एकमेकींच्या सोबतीने पाहता येतात. सुपारी कर्करोगास कारणीभूत ठरते, हे पुढे वैद्यकीय संशोधनातून स्पष्ट झाले. ती खाण्याची चाल ओसरली तरी तिच्याभोवती घडलेल्या धातुकामाचे मोल कमी होत नाही. उलट, ती चाल समजून घेण्याचे साधन म्हणून या वस्तूंचे महत्त्व वाढते.

दिवे व इतर वस्तू

दिवे हा केळकरांच्या अभ्यासाचा आणखी एक विषय होता. समई, निरांजन, लामणदिवा, आरती, दीपलक्ष्मी अशा प्रकारांतील धातूचे दिवे त्यांनी जमवले. भारतीय दिव्यांवरील त्यांचे लॅम्प्स ऑफ इंडिया हे इंग्रजी पुस्तक केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने १९६१ मध्ये प्रसिद्ध केले. संग्रहात याखेरीज अंग घासण्याच्या वज्री, अत्तरदाण्या, फण्या, हुक्के, कठपुतळ्या, हस्तिदंती वस्तू, वस्त्रे, चित्रकथी परंपरेतील चित्रे आणि शस्त्रे आहेत. बाजीराव पेशव्यांनी मस्तानीसाठी कोथरूड येथे बांधलेल्या महालाचे उरलेले भाग आणून त्यांची संग्रहालयात पुनर्रचना करण्यात आली. मस्तानी महाल या नावाने ते दालन ओळखले जाते.

संग्रहाची दृष्टी

संग्रहातील वस्तू मुख्यतः अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील असून काही शिल्पे त्याहून जुनी आहेत. घरगुती वस्तूंवर सहसा घडवणाऱ्याचे नाव नसते आणि सालही नसते. म्हणून नाणी किंवा चित्रे यांच्या संग्रहाचे निकष त्यांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत. सर्वांत दुर्मीळ एकच नमुना मिळवण्यापेक्षा एकाच कामाच्या वस्तूची अनेक रूपे शेजारी ठेवणे येथे उपयुक्त ठरते. एक अडकित्ता शोभेची वस्तू वाटतो. पन्नास अडकित्ते एकत्र पाहिले तर कोणता भाग कधीच बदलत नाही, कोणता प्रांतानुसार बदलतो आणि कारागिराने स्वतःचे असे काय घातले, हे कळू लागते. केळकरांच्या संग्रहाचे सामर्थ्य या विपुलतेत आहे.

नक्षीदार असणे आणि उपयोगी असणे यांतील नाते हाही या संग्रहाचा एक विशेष आहे. त्यातील बहुसंख्य वस्तू वापरून झिजलेल्या आहेत. केवळ विक्रीसाठी किंवा कपाटात ठेवण्यासाठी घडवलेल्या वस्तूत ही झीज नसते. घासून गुळगुळीत झालेली दांडी किंवा तेलाने काळवंडलेली दिव्याची वाटी वस्तूची किंमत कमी करत नाही. ती वस्तू कोणत्या हातांतून गेली, याची तीच एकमेव नोंद असते.

जपानमधील समांतर प्रयत्न

केळकर वस्तू जमवत होते त्याच काळात जपानमध्ये यानागी सोएत्सु (१८८९–१९६१) यांनी अनामिक कारागिरांनी घडवलेल्या रोजच्या वापरातील वस्तूंना कलेचा दर्जा मिळावा म्हणून चळवळ उभी केली. या चळवळीला मिंगेई, म्हणजे लोककला, असे नाव मिळाले. तिचे संग्रहालय १९३६ मध्ये टोकियो येथे सुरू झाले. यानागी यांच्या कार्याला सिद्धान्ताची आणि कुंभार-विणकरांच्या गटाची जोड होती. केळकरांचे कार्य मुख्यतः एका घराच्या बळावर चालले.

पात्यांच्या बाबतीतही हे साम्य दिसते. जपानमध्ये १८७६ च्या हुकुमाने सामुराईंना सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगण्यास मनाई झाली. त्यानंतर तलवारींचे नक्षीदार धातुभाग मोठ्या प्रमाणावर परदेशी संग्राहकांकडे गेले आणि अनेक धातुकारागीर निर्यातीच्या शोभेच्या वस्तूंकडे वळले. दुसरीकडे, ह्योगो प्रांतातील मिकी या गावी १८९० च्या दशकात हिगोनोकामी हा मिटणारा साधा चाकू तयार होऊ लागला. दुमडलेल्या पत्र्याची मूठ असलेला हा चाकू शाळकरी मुले पेन्सिलीला टोक करण्यासाठी वापरत. आज शोभेचे आणि साधे असे दोन्ही प्रकारचे जपानी चाकू संग्राहक जमवतात. अशा वस्तूंमध्ये संग्रहास योग्य काय, या प्रश्नाचे उत्तर अडकित्त्याच्या उदाहरणावरून मिळते. पाते, सांधा आणि नक्षी यांचा एकमेकांशी मेळ असेल आणि वस्तूमागे एखादी जगण्याची रीत असेल, तर ती जतन करण्यास पात्र ठरते. मुठीवरील सजावट काढून घेतल्यावर काहीच उरत नसेल, तर ती केवळ शोभेची राहते.

संग्रहालय

१९६० पर्यंत संग्रहातील वस्तूंची संख्या सुमारे १५,००० झाली होती. १९६२ मध्ये संग्रहालयाची स्थापना झाली. पुढे केळकरांनी संपूर्ण संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाकडे सुपूर्द केला. जुन्या वस्तूंना बाजारात चांगली किंमत येऊ लागली असतानाही त्यांनी तो विकला नाही किंवा वारसांमध्ये वाटला नाही. संग्रहालय पुण्यात शुक्रवार पेठेतील बाजीराव रस्त्यालगत आहे. संग्रहात आज २०,००० हून अधिक वस्तू असून जागेअभावी त्यांपैकी सुमारे २,५०० वस्तूच प्रदर्शनात मांडता येतात. मार्ग या कलाविषयक प्रकाशनसंस्थेने १९७८ मध्ये ट्रेझर्स ऑफ एव्हरीडे आर्ट हा या संग्रहावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला.

सन्मान

पुणे विद्यापीठाने केळकरांना सन्माननीय डी.लिट. पदवी दिली. भारत सरकारने त्यांना पद्मश्री प्रदान केली.

मूल्यमापन

घरगुती वस्तूंच्या संग्रहाविषयी दोन आक्षेप संभवतात. वस्तू घरातून निघाली की तिचा वापर, तिची मालकी आणि तिच्याभोवतीच्या आठवणी तुटतात, हा पहिला. संग्राहकांच्या मागणीमुळे जुन्या वस्तूंचा बाजार वाढतो आणि हुबेहूब नकला तयार होतात, हा दुसरा. केळकरांच्या बाबतीत पहिल्या आक्षेपाची धार कमी होते, कारण त्यांनी जमवलेल्या अनेक वस्तूंपुढे दुसरा पर्याय भट्टीचाच होता. दुसऱ्या आक्षेपाला त्यांनी संग्रह शासनाला देऊन उत्तर दिले. सार्वजनिक झालेला संग्रह पुन्हा बाजारात येत नाही आणि अभ्यासकांना खऱ्या वस्तूची नकलेशी तुलना करण्यासाठी उपलब्ध राहतो.

पुण्यातील वाड्यांची जी अवस्था केळकरांनी पाहिली, ती नंतर ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील जुन्या वस्त्यांच्याही वाट्याला आली. घरे आणि चाळी पाडून इमारती उभ्या राहताना माळ्यावरचे पितळ, समया आणि अडकित्ते आजही वजनावर विकले जातात. त्यांतील काय ठेवावे, हा प्रश्न प्रत्येक घराला स्वतंत्रपणे पडतो. तो प्रश्न एका शहरापुरता आणि एका पिढीपुरता का होईना, पण वेळेत विचारला गेला आणि त्याचे उत्तर हजारो वस्तूंच्या रूपाने सर्वांसाठी खुले राहिले, हे केळकरांचे मुख्य कार्य मानले पाहिजे.