निळ्या बोटांचा डॉक्टर

बोटं कधी निळी, कधी लाल. बगलेत सिगारचा डबा. खोलीत पुस्तकांचे इतके ढीग, की पाहुण्याला बसायला रिकामी खुर्ची मिळायची मारामार. हा अवलिया म्हणजे पॉल एर्लिख, १९०८ च्या नोबेलचा मानकरी. आज औषध नेमकं मेंदूपर्यंत पोहोचवण्यासाठी नॅनोकणांवर जे संशोधन चाललंय, त्याचं मूळ याच रंगलेल्या बोटांपर्यंत जातं.

एर्लिखचा जन्म १४ मार्च १८५४ चा, श्ट्रेलेन गावातला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. कार्ल वायगर्ट हा त्याचा मामेभाऊ पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. पॉललाही तेच वेड लागलं. एक रंग ठरावीक पेशींनाच चिकटतो, बाकीच्यांना सोडून देतो, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. मग औषधही असंच का वागू नये? फक्त रोगजंतूला धरावं, बाकी शरीराला धक्काही लावू नये! या कल्पनेला त्याने नाव दिलं जादूची गोळी. गोळी म्हणजे बंदुकीची, कधीच नेम न चुकणारी.

वाट सोपी नव्हती. क्षयाचे जंतू रंगवण्याची पद्धत सुधारणाऱ्या या माणसाला स्वतःलाच क्षय झाला. हवापालटासाठी इजिप्तला जाऊन बरा होऊन आला आणि पुन्हा कामाला लागला. १९०९ मध्ये त्याच्या प्रयोगशाळेत जपानहून आलेल्या साहाचिरो हाता याने आधी बाजूला टाकलेलं ६०६ नंबरचं रसायन पुन्हा तपासलं. सिफिलिसवर ते लागू पडलं! १९१० मध्ये ते साल्व्हरसान नावाने बाजारात आलं.

पण एका ठिकाणी गाडी अडली. सिफिलिस मेंदूत शिरून वेड लागलेल्या रुग्णांनी तेव्हाची मनोरुग्णालयं भरलेली होती. त्यांना या औषधाचा फारसा उपयोग होईना.

याचा धागा एर्लिखच्याच जुन्या प्रयोगात होता. १८८५ च्या सुमारास त्याने प्राण्यांच्या रक्तात रंग सोडले. सगळं शरीर रंगलं, मेंदू मात्र जवळजवळ कोराच! मेंदूला त्या रंगांची ओढच नसावी, असं त्याला वाटलं. १९१३ मध्ये त्याचाच शिष्य एडविन गोल्डमन याने उलटा प्रयोग केला. रंग मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला. मेंदू रंगला, शरीर कोरं राहिलं. म्हणजे मध्ये भिंत होती! तिलाच आज ब्लड-ब्रेन बॅरिअर म्हणतात. २० ऑगस्ट १९१५ ला एर्लिख गेला, तेव्हा ही भिंत तशीच उभी होती.

पुढची गंमत बघा. एर्लिखचा लाडका रंग मेथिलीन ब्लू. चेतातंतू रंगवायला तो हाच वापरायचा. हा रंग फेनोथायझिन नावाच्या रसायनांच्या घराण्यातला. याच घराण्यातलं क्लोरप्रोमझिन १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात मनोरुग्णांना दिलं गेलं आणि स्किझोफ्रेनियावर पहिलं प्रभावी औषध सापडलं. ते भिंत ओलांडू शकत होतं.

तरी नेम अजून चुकतोच. स्किझोफ्रेनियाची गोळी मेंदूपर्यंत पोहोचते, पण सगळ्या अंगभर फिरून. कुणाचं वजन वाढतं, कुणाचे हात थरथरतात. त्रासाला कंटाळून गोळी बंद केली, की आजार परत डोकं वर काढतो. हा आजार बहुतेकदा कॉलेजच्या किंवा पहिल्या नोकरीच्या वयात सुरू होतो, म्हणून ही गोष्ट आपल्या जवळची.

इथे नॅनोतंत्रज्ञान येतं. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. पॅलिपेरिडोन या औषधाच्या अतिसूक्ष्म स्फटिकांचं महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन अमेरिकेत २००९ मध्ये मंजूर झालं. स्फटिक स्नायूत हळूहळू विरघळतात, त्यामुळे रोजची गोळी विसरण्याचा प्रश्नच मिटतो. पण हे औषधही रक्तातून सगळीकडे जातंच. नाकावाटे थेट मेंदूकडे नेणाऱ्या कणांचे प्रयोग उंदरांवर झालेत, पण ते अजून मुख्यतः प्रयोगशाळेतच आहेत.

तोवर चालू असलेलं औषध डॉक्टरांना न विचारता थांबवायचं नाही. एर्लिखची जादूची गोळी अजून पुरती तयार व्हायचीय, पण नेम कुठे धरायचा, हे तो सव्वाशे वर्षांपूर्वीच सांगून गेलाय.