विश्लेषण : साठीनंतर माणूस निरुपयोगी? डॉ. ऑस्लर यांना महागात पडलेला विनोद

महाराष्ट्रातील डॉक्टरांना नोंदणीचे नूतनीकरण करण्यासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट गुण मिळवावे लागतात. डॉक्टरांनी दर पाच वर्षांनी पुन्हा रुग्णालयात आणि प्रयोगशाळेत जाऊन मेंदूवरची धूळ झटकावी, असा सल्ला सर विल्यम ऑस्लर यांनी एका व्याख्यानात दिला होता. वैद्यकशिक्षणात त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. सामान्य लोकांत मात्र ते गाजले ते वृद्धांवर केलेल्या एका विनोदामुळे.

ऑस्लर कोण होते?

त्यांचा जन्म १८४९ चा, कॅनडातल्या बाँड हेडचा. १८७२ मध्ये ते मॅकगिल विद्यापीठातून डॉक्टर झाले आणि पुढे तिथेच शिकवू लागले. परदेशी वैद्यकीय नियतकालिके एकट्याच्या खिशाला परवडत नव्हती. मग त्यांनी वर्गणी काढून ती एकत्र वाचण्याचा क्लब सुरू केला. आज रुग्णालयांत भरणाऱ्या ‘जर्नल क्लब’चे मूळ तिथपर्यंत नेले जाते. १८८९ मध्ये ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आले आणि विद्यार्थ्यांना व्याख्यानाच्या खोलीतून उठवून वॉर्डात, रुग्णाच्या खाटेजवळ घेऊन गेले. रुग्णाचे ऐकायचे, त्याला तपासायचे, रोज टिपणे ठेवायची. आज यात काही विशेष वाटणार नाही, पण तेव्हा अमेरिकेतील अनेक विद्यार्थी रुग्णाला हातही न लावता डॉक्टर होत.

मृत्यूची टिपणे कशासाठी?

ऑस्लर यांचे हे काम फारसे कोणाला माहीत नाही. १९०० ते १९०४ या काळात त्यांनी सुमारे ५०० रुग्णांच्या अखेरच्या क्षणांची नोंद परिचारिकांकडून छापील कार्डांवर करून घेतली. वेदना होती का, भीती होती का, असे प्रश्न त्यावर होते. शारीरिक त्रासाची नोंद जेमतेम ९० जणांबाबत निघाली. रुग्णाला काय वाटते, हाही मोजण्याचा विषय आहे, हे यात गृहीत होते. (इंजिनीअरिंग शिकलेल्या माणसाला हे चटकन पटते.)

मग वाद कशावरून?

२२ फेब्रुवारी १९०५. ऑक्सफर्डला जाण्यापूर्वीचे निरोपाचे भाषण. ऑस्लर तेव्हा ५५ वर्षांचे होते. जगातले महत्त्वाचे सर्जनशील काम चाळिशीच्या आत होते आणि साठीनंतर माणसाचा उपयोग उरत नाही, असे ते म्हणाले. अँथनी ट्रोलप यांच्या कादंबरीचा हवाला देत, वर्षभराच्या चिंतनानंतर क्लोरोफॉर्मने शांतपणे निरोप देण्याची कल्पनाही त्यांनी गमतीने मांडली. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी गंमत वगळली आणि क्लोरोफॉर्म ठेवला. निषेधाची पत्रे आली, इंग्रजीत त्यांच्या नावाचे क्रियापदही तयार झाले. क्लोरोफॉर्मची गोष्ट विनोद होती, असा खुलासा त्यांनी केला. चाळिशीबद्दलचे मत मात्र सोडले नाही. ते मत चूकच होते. रुग्णाचे वय पाहून त्याची किंमत ठरवण्याची सवय डॉक्टरांनाही लागते आणि अशा विनोदांनी ती पक्की होते.

पुढे काय झाले?

ऑक्सफर्डच्या प्राध्यापकपदासोबत त्यांच्याकडे जवळच्या यूएल्म गावातील एका आश्रमाचे प्रमुखपद आले. पंधराव्या शतकात स्थापन झालेला हा आश्रम होता १३ गरीब वृद्धांसाठी! ऑस्लर तिथे जाऊन राहत, त्या म्हाताऱ्यांची विचारपूस करत.

१९१७ मध्ये त्यांचा मुलगा रेव्हिअर पहिल्या महायुद्धात मारला गेला. त्यानंतरही त्यांचे काम थांबले नाही. युद्ध संपल्यावर, १९१९ मध्ये, डॉक्टरांच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी लंडनमध्ये उभ्या राहिलेल्या ‘फेलोशिप ऑफ मेडिसिन’चे ते अध्यक्ष होते. म्हणजे विनोदातली मुदत टळून तेव्हा आठ-नऊ वर्षे झाली होती.

त्यांच्या गाजलेल्या पाठ्यपुस्तकाच्या १८९२ च्या आवृत्तीत न्यूमोनिया हा वृद्धांचा शत्रू होता. १८९८ च्या आवृत्तीत त्यांनी त्याला वृद्धांचा मित्र केले, कारण तो लवकर आणि फारसा त्रास न देता सोडवतो. त्यांच्या स्वतःच्या बाबतीत तसे झाले नाही. १९१९ च्या शरदात सुरू झालेले दुखणे अनेक आठवडे लांबले, छातीत पू झाला, शस्त्रक्रिया करावी लागली. २९ डिसेंबरला ऑक्सफर्डमधील राहत्या घरी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.