दुष्काळातून पेटलेले बंड
आद्य क्रांतिकारक म्हणून ओळखले जाणारे वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी पनवेलजवळील शिरढोण येथे झाला. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. १८१८ मध्ये तो किल्ला इंग्रजांनी घेतला. नातू मात्र पुण्यात इंग्रजांच्याच लष्करी हिशेब खात्यात कारकून झाला. रजेअभावी आजारी आईची अखेरची भेट हुकल्याचे शल्य त्यांना कायम बोचत राहिले.

तथापि, त्यांच्या बंडामागे केवळ वैयक्तिक दुःख नव्हते. शेतसारा रोखीने भरण्यासाठी शेतकरी सावकाराच्या दारी जाई आणि न्यायालयाच्या हुकूमनाम्याने जमीन गमावून बसे. मे १८७५ मध्ये सुपे येथे सावकारांची कर्जखते जाळली गेली, ती याच कोंडीमुळे. पाठोपाठ १८७६-७८ चा भीषण दुष्काळ आला. न्यायमूर्ती रानडे यांच्या व्याख्यानांतून देशाच्या दारिद्र्याची मीमांसा ऐकलेल्या फडके यांनी उपासमारीने खंगलेली खेडी पाहिली.

सुशिक्षितांनी पाठ फिरवली, तेव्हा रामोशी त्यांच्या मदतीला धावले. गडांची राखण आणि गावची जागल हे त्यांचे पिढीजात काम. नव्या राजवटीत ते आणि त्याबरोबरचे हक्क हातचे गेले होते. फेब्रुवारी १८७९ मध्ये धामारीवर पहिला छापा पडला. शेतकऱ्यांना काम द्यावे, करांचे ओझे उतरवावे आणि गोऱ्या अधिकाऱ्यांचे पगार घटवावेत, अशा मागण्या फडके यांनी जाहीरनाम्यातून मांडल्या.

परंतु लुटीतून राज्य उलथवण्याइतके बळ उभे राहिले नाही. मे महिन्यात दौलतराव नाईक चकमकीत पडले आणि टोळी विखुरली. निजामाच्या मुलखात रोहिल्यांची जमवाजमव करण्याच्या प्रयत्नात असतानाच जुलै १८७९ मध्ये विजापूरकडील देवर नावदगी येथे फडके पकडले गेले. सार्वजनिक काकांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. तरीही जन्मठेपेची शिक्षा होऊन त्यांना एडनला पाठवण्यात आले. तेथून १८८० मध्ये ते निसटले, पण पुन्हा हाती लागले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी कैदेतच त्यांचे निधन झाले.

त्यांना अटक झाली त्याच वर्षी सरकारने पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. बंडखोराला साखळदंडात जखडणाऱ्या राजवटीला शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणाची दखल अखेर घ्यावीच लागली.