नोटर डेमचे खेळगुरू क्नूट रॉकनी

शिष्यांस विद्या देणारे गुरू पुष्कळ झाले; परंतु ज्यांना शिष्यांनीच, एक शब्दही न बोलता, देवमंदिराची वाट दाखवली असे गुरू विरळा. आमच्या तरुण मंडळींस अशा एका पुरुषाची ओळख व्हावी म्हणून हे चरित्र देत आहो.

क्नूट रॉकनी यांचा जन्म १८८८ साली नॉर्वे देशातील व्हॉस येथे लुथरन घराण्यात झाला. पाच वर्षांचे असता ते अमेरिकेत शिकागो शहरी आले. टपालखात्यात नोकरी करून त्यांनी पैसा साठवला व १९१० साली, बाविसाव्या वर्षी, इंडियाना राज्यातील नोटर डेम या कॅथलिक विद्यापीठात नाव घातले. १९१४ साली पदवी मिळाल्यावर रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते फादर ज्युलियस न्यूलंड यांचे साहाय्यक झाले. याच फादरांच्या संशोधनातून पुढे कृत्रिम रबर निघाले.

अमेरिकेचा फुटबॉल आपल्याहून निराळा. तेथे चेंडू लांबट असून तो हाती घेऊन धावतात व फेकतात. १९१३ साली वेस्ट पॉइंटच्या बलाढ्य लष्करी विद्यालयाशी सामना ठरला, तेव्हा रॉकनी व त्यांचे सोबती गस डोरे यांनी उन्हाळाभर सरोवराकाठच्या वाळूत लांब फेकीचा सराव केला आणि नोटर डेमने ३५-१३ असा जय मिळवला.

१९१८ पासून ते मुख्य शिक्षक झाले. तेरा हंगामांत १०५ सामने जिंकले, १२ हरले, ५ बरोबरीत सुटले. त्यांतील एक हार झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. १९२६ साली कार्नेगी टेकचा संघ दुबळा समजून आपले खेळाडू त्यांनी साहाय्यकाच्या हाती सोपवले व स्वतः शिकागोला दुसराच सामना पाहावयास गेले. नोटर डेमचा १९-० असा पराभव झाला!

पंधरा वर्षे ते धर्मगुरूंच्या सहवासात राहिले, तरी लुथरनच होते. मग पालट कशाने झाला? परगावी सामन्यास गेले असता खेळाडू झोप मोडून पहाटेच मिस्सेला जात, आणि मध्यरात्रीपासून उपाशी राहून ख्रिस्तशरीर स्वीकारीत. ज्या दिवशी अंगात सारे बळ हवे, त्याच दिवशी हा उपास! हे पाहून आपले मन हलले, असे रॉकनी पुढे सांगत. २० नोव्हेंबर १९२५ रोजी विद्यापीठातील ओंडक्यांच्या लहानशा चॅपेलमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

३१ मार्च १९३१, पवित्र सप्ताहातील मंगळवार. कॅन्सस सिटीहून लॉस एंजलीसकडे निघालेल्या त्यांच्या विमानाचा लाकडी पंख आकाशातच मोडला. आतील आठही जण मृत्यू पावले. रॉकनी अवघे त्रेचाळीस वर्षांचे होते. या अपघातानंतर अमेरिकेत विमानांची तपासणी कडक झाली.

पुण्य शनिवारी, ४ एप्रिल रोजी, विद्यापीठाच्या पवित्र हृदयाच्या मंदिरात अंत्यविधी झाला. शवपेटी वाहणारे सहाही जण त्यांचेच खेळाडू होते.