डॉ. भाभा आणि थळचे जड पाणी

अलिबागजवळच्या थळ येथे १९८७ मध्ये जड पाण्याचा प्रकल्प सुरू झाला. तो पाहण्यास डॉ. होमी भाभा हयात नव्हते. पाया मात्र त्यांनीच घातला होता.

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत जन्मलेले भाभा केंब्रिजला शिकले. १९३९ मध्ये ते सुटीवर आले आणि महायुद्धामुळे मायदेशीच राहिले. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोगाची धुरा त्यांच्याकडे आली.

साध्या पाण्यात हायड्रोजनच्या सुमारे सात हजार अणूंमागे ड्यूटेरियमचा एकच अणू असतो. तो वेगळा काढून नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक शुद्ध जड पाणी बनवणे जिकिरीचे काम. ट्रॉम्बेच्या ‘सायरस’ अणुभट्टीसाठी ते अमेरिकेकडून घ्यावे लागले. हे परावलंबित्व संपवण्याच्या दिशेने १९६२ मध्ये पंजाबातील नंगल येथे खत कारखान्यालगत देशातील पहिला प्रकल्प उभा राहिला.

२४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावरील विमान अपघातात भाभांचे निधन झाले. वय अवघे ५६ वर्षे.

थळलाही खत कारखान्याच्याच वायूतील ड्यूटेरियम द्रवरूप अमोनियात उतरवले जाते. एकेकाळी जड पाणी मागून आणणाऱ्या भारताने पुढे ते दक्षिण कोरियाला निर्यात केले.